पाच वाजता, तुझ्या घड्याळाने

झोरिव्का, सस्कॅचेवान
१४ ऑगस्ट २००५

लेसिया,

फोन केला तर माझा आवाज ऐकताच तू ठेवून देतेस. पत्राचं तसं नसतं. ते टाकून द्यायचं तरी आधी उघडावं लागतं, आणि एकदा उघडल्यावर वाचल्याशिवाय राहणारी तू नव्हेस. लहानपणी तू माझी पत्रंही सोडली नव्हतीस.

कामाचं सांगते. यंदा प्रांताला शंभर वर्षं झाली. जिथे चार घरं आणि एक कुत्रा उरलाय अशा गावांनीही बाहेर गेलेल्या लेकरांना घरी बोलावणं धाडलंय. मग आपलं गाव कसं मागे राहील? शरदातलं गावजेवण यंदा जरा थाटात करायचं ठरलं आहे. ऑक्टोबरचा शेवटचा रविवार, आपलाच हॉल. समितीचा अध्यक्ष मेट्रो किंद्राचुक. हो, तोच, ज्याने शाळेच्या नाचात तुला विचारलं होतं आणि तू तोंडावर हसली होतीस. आता त्याला टक्कल आहे आणि अधिकार आहे.

मी जुन्या रेल्वे स्टेशनातली माहितीची खोली सांभाळते, म्हणून पाहुण्यांसाठी पत्रक लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. प्रांताची राजधानी, फूल, पक्षी, झाड, ध्वज. एका कागदावर मावेल एवढं. इथे जन्मलेल्या माणसांना ही माहिती कशाला, असं मी विचारलं. मेट्रो म्हणाला, "व्हेर्ना, बाहेर राहून माणसं विसरतात." तो तुझ्याबद्दल बोलत नव्हता, पण मला तूच आठवलीस.

जेवणाची सुरुवात कोलाच मोडून होते हे तुला सांगायला नको. तो वेणीचा गोल पाव गावातल्या सगळ्यात वयस्कर बाईने मोडायचा. गेल्या हिवाळ्यात ओल्गा प्रोकोपिव गेली आणि मान आईकडे आला. आई म्हणाली, "ओल्गाला कधीच धीर नव्हता. मला पुढे करायला लवकर गेली."

दर रविवारी तू आईला फोन करतेस. फोनवर ती तुला शाबूत वाटत असेल. पाच मिनिटं ती अजून निभावते. नंतर फोन ठेवून मला विचारते, "कोण होतं?" मला ती कधी व्हेर्ना म्हणते, कधी तिच्या बहिणीच्या नावाने हाक मारते. तुझं नाव मात्र चुकत नाही. रोज संध्याकाळी खिडकीशी बसून विचारते, "लेसिया आली का?" नोव्हेंबरात तिला यॉर्कटनच्या वृद्धाश्रमात हलवायचं आहे, खोली ठरली आहे. हिवाळा संपेपर्यंत ती माणसं ओळखेल की नाही हे डॉक्टर सांगू शकत नाहीत.

तेव्हा हे जेवण म्हणजे तिच्या शेजारी बसायची संधी आहे. बाबांना पुरल्यापासून तू गावात पाऊल टाकलेलं नाहीस. आईने लिही म्हटलं म्हणून लिहिलं. माझं स्वतःचं काही म्हणणं नाही.

व्हेर्ना


६ सप्टेंबर २००५

लेसिया,

उत्तर नाही. ठीक आहे, अपेक्षाही नव्हती.

पत्रक चाललं आहे. रोज सकाळी कॅफेत कॉफीच्या टेबलावर जे म्हातारे बसतात ते स्वतःला माझे संपादक समजू लागलेत. स्लोबोदियन तर कप घेऊन थेट माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहतो. तोच, ज्याच्या ट्रॅक्टरखाली तुझी सायकल गेली होती.

"पक्षी कोणता लिहिलास?"

"टोकदार शेपटीचा ग्राउस."

"त्याच्याखाली लिही, लसूण आणि साय घालून छान लागतो."

"अरे, प्रांताचं मानचिन्ह आहे ते!"

"मग आम्ही मानानेच शिजवतो ना. डोक्यावरची टोपी काढून."

सगळं टेबल खदखदून हसलं. मी वर पाहिलं नाही. पण त्यात तथ्य आहे. आमच्या प्रांताचं फूल म्हणजे लाल लिली, तिला हात लावायला कायद्याने बंदी. आणि प्रांताचा पक्षी मात्र हंगामात गोळी घालून खावा. झाड बर्च, ते थंडीत चुलीत जातं. खेळ कर्लिंग. बर्फावर दगड सरकवायचे आणि पुढे झाडूने वाट घासायची, हे आमच्या प्रांताने मानाचं मानलं, कारण हिवाळ्यात दुसरं करायला काही नसतं. फळाचा मान यंदाच सास्काटून बेरीला मिळाला. आईला सांगितलं तर म्हणाली, "एवढी वर्षं मी पायमध्ये काय घालत होते मग? बिनमानाचं फळ?"

लिलीवरून तुला आठवत असेल. तू शाळेतून येताना रस्त्याकडेच्या खळगीतून एक लिली तोडून आईसाठी आणली होतीस. आईने फुलाकडे पाहिलंही नाही. तुझा हात धरून पुन्हा तीन मैल चालवत नेलं आणि त्या खळगीला "चुकलं" म्हणायला लावलं. कायदाबियदा तिला ठाऊक नव्हता. पानांसकट देठ तोडला की कंद मरतो, एवढं माहीत होतं, आणि नियम म्हणजे नियम. तू परत आलीस ती रडत, आणि पुढचे दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस. मी काय केलं होतं कुणास ठाऊक. आईवर रुसायची हिंमत नसली की तू माझ्यावर रुसायचीस.

आणखी एक गोष्ट पत्रकासाठी शोधताना सापडली. आपला प्रांत आणि तुमचा अल्बर्टा एकाच दिवशी जन्मले, एकाच कागदावरच्या दोन सह्यांसारखे, जुळ्या बहिणीच म्हण. मधली सीमा कुणीतरी पट्टी ठेवून आखली. एकीला पुढे तेल सापडलं, दुसरीकडे गहू राहिला. तेव्हापासून पहिली दुसरीला भेटायला येते ती फक्त लग्नाला नाहीतर मातीला. हे मी पत्रकात घातलेलं नाही.

आईची प्रकृती बरी. काल तिने माझा कोट घालून फिरायला जायचा हट्ट धरला, कारण तिचा कोट "त्या दुसऱ्या मुलीने" नेला आहे. दुसरी मुलगी म्हणजे मीच होते.

व्हेर्ना


२५ सप्टेंबर २००५

लेसिया,

पत्रक पुरं झालं असं मी जाहीर केलं, आणि मेट्रोने कागद उलटसुलट करून बघितला.

"घड्याळाचं कुठे आहे?"

"जागा संपली."

"जागा? व्हेर्ना, ग्राउसवर सहा ओळी लिहिल्यास तू! जेवणाच्या दिवशीच अल्बर्टावाल्यांचे काटे एक तास मागे जाणार. उन्हाळाभर त्यांची वेळ आपल्याशी जुळलेली, त्यामुळे कुणाच्या डोक्यातही येणार नाही. तासभर उशिरा येतील आणि टर्कीची हाडं बघत बसतील. बाबा रे, असं एकदा..."

एवढ्यात त्याला आठवलं. बाबांच्या पेटीला खांदा देणाऱ्यांत तोही होता. त्याने कागद टेबलावर ठेवला, टोपी घातली आणि म्हणाला, "लिही एक ओळ. मोठ्या अक्षरात." मग कॉफी अर्धी सोडून निघून गेला. मेट्रोने कॉफी सोडलेली मी प्रथमच पाहिली.

ती ओळ लिहायला मला अख्ख्या पत्रकापेक्षा जास्त वेळ लागला. शेवटी असं लिहिलं: "या प्रांतात घड्याळ कधीच मागे-पुढे होत नाही. हिवाळ्यात आम्ही अल्बर्टाच्या एक तास पुढे असतो. कृपया आमच्या वेळेने यावे."

ही ओळ तुला जन्मापासून पाठ आहे. हॉलमध्ये स्वयंपाकघराच्या खिडकीवर जे घड्याळ आहे ते बाबांनीच टांगलं, प्रांताने काट्यांचा वाद कायमचा मिटवला तेव्हा. खिळा ठोकून झाल्यावर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले होते, "आता याला कुणी हात लावायचा नाही. गाईंना सरकारचे कागद वाचता येत नाहीत." आणि त्यांच्याच मुलीने अल्बर्टात एवढी वर्षं काढून तेच विसरावं! बाबांना पुरायची वेळ मी तुला फोनवर सोमवारी अकराची सांगितली होती. आदल्या दिवशी तुमचे काटे मागे गेले होते. रात्रभर गाडी चालवून तू तुझ्या अकराला आलीस. तेव्हा माती टाकून झाली होती आणि लोक हॉलमध्ये सूप पीत होते.

फादर इसिडोर थांबायला तयार होते, हे तुला त्यांनीच सांगितलं. "सुरू करा" हे शब्द माझ्या तोंडून गेले, हे तुला मेट्रोने सांगितलं. दोघंही खरं बोलले. तू कबरीजवळ मला म्हणालीस की मी घड्याळाच्या काट्याने बापाला पुरलं. त्यावर मी तेव्हा काही बोलले नाही, आणि आता लिहीतही नाही. त्या दिवशीचं उगाळून कुणाला काय मिळणार आहे?

पत्रकाची एक प्रत सोबत जोडते. प्रांताचा ध्वज नीट छापला गेला नाही. वरचा हिरवा अर्धा भाग म्हणजे उत्तरेची रानं, खालचा पिवळा म्हणजे गव्हाची शेतं, आणि लिली टोमॅटोसारखी दिसते आहे.

व्हेर्ना


१२ ऑक्टोबर २००५

लेसिया,

तुझं कार्ड मिळालं. पुढे गुलाबी रानगुलाब, तुमच्या प्रांताचं फूल. मागे दोनच शब्द: "किती वाजता?"

पोस्टातल्या बाईने ते माझ्याआधी वाचलं होतं हे तिच्या चेहऱ्यावरून कळलं. गावातही तोवर पोचलं होतं. त्या प्रश्नचिन्हाची शेपटी इतकी टोकदार होती की मला आमचा प्रांतिक पक्षीच आठवला. एवढ्या वर्षांनी तुझ्याकडून आलेले पहिले शब्द, आणि त्यातही बोचकारा. मी ते वाचून हसले, हे मान्य करते. मग स्टेशनच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि थोडी रडलेही.

तर उत्तर. पाच वाजता. आमच्या घड्याळाने. त्या दिवशी तुझ्या गाडीतलं घड्याळ चार दाखवत असेल तेव्हा तू हॉलच्या दारात असली पाहिजेस. याहून सोपं करून मला सांगता येत नाही.

कार्ड आईला दाखवलं. तिने ते फ्रिजच्या दारावर लावलं, संतांच्या तसबिरीच्या खाली.

"येणार ती?"

"वेळ विचारली आहे फक्त."

"वेळ विचारली म्हणजे येणार. न येणारा माणूस वेळ कशाला विचारेल?" मग म्हणाली, "वासिलला सांग, गाडी बघून ठेव. तिचे टायर नेहमी गुळगुळीत असतात."

मी "सांगते" म्हटलं. बाबा गेले हे रोज नव्याने सांगण्यात काही शहाणपण नाही. पहिल्यांदा सांगितलं होतं तेव्हा ती अख्खा दिवस रडली.

हॉलमध्ये बटाट्याचं सारण भरून पेरोही वळायला बसतो आम्ही, रोज सकाळी. बायकांना विषय पुरवल्याबद्दल तुझे आभार. कुणी म्हणतं येईल, कुणी म्हणतं लेसिया कसली येते, तिच्या नाकावर माशी बसत नाही. आई टेबलाच्या टोकाला बसून कडा चिमटते. डोक्यातलं काही निसटलं असेल, पण बोटांतलं एकही नाही. माझ्या पेरोहीच्या कडा उघडल्या की अजून मनगटावर चापट देते. "उकळत्या पाण्यात बटाट्याचं सूप करणार आहेस का?" काल तिने अशीच चापट दिली, मग माझ्या तोंडाकडे नीट बघून विचारलं, "तू कुणाची गं?"

व्हेर्ना


२४ ऑक्टोबर २००५

लेसिया,

दुसरं कार्ड आलं, पुन्हा तोच रानगुलाब. यावेळी प्रश्नचिन्हही नाही. "पाच. माझ्या घड्याळाने."

म्हणजे आमचे सहा.

तू चुकून येणार नाहीस, मुद्दाम येणार आहेस. अख्ख्या जिल्ह्यातून माणसं येणार आहेत. म्हातारे साडेचारपासून दाराशी काठ्या आपटत उभे असतात. टर्की एका ठरावीक वेळी भट्टीतून निघते आणि त्यानंतर तिला तुझ्या हट्टाशी देणंघेणं नसतं. एवढ्या लोकांना तासभर उपाशी बसवून तू बघणार की व्हेर्ना यंदा तरी थांबते का. लेसिया, तू आजी झालीस. हे शोभतं का?

स्पष्ट लिहिते, म्हणजे मागाहून सांगितलं नाही असं होणार नाही. मी मेट्रोला थांबायला सांगणार नाही. मी समितीत एक सभासद आहे, हॉल माझ्या बापाचा नाही. बापाचं होतं ते फक्त घड्याळ. पाचला प्रार्थना होईल, आई कोलाच मोडेल, जेवण सुरू होईल. तू सहाला आलीस तर उरलेलं मिळेल आणि आई तोवर दमलेली असेल. संध्याकाळ झाली की तिचं माणूस ओळखणं आधी जातं. तेव्हा ज्याच्यासाठी यायचं तेच तासभर उशिरा येण्यात घालवू नकोस. माझ्यावर राग काढायला पुढे भरपूर दिवस आहेत. तिच्याजवळ बसायला नाहीत.

माझी चूक एवढीच झाली की कार्ड आईला वाचून दाखवलं. तिने ते दोनदा वाचायला लावलं. संध्याकाळी खिडकीशी बसली, पण रोजचा प्रश्न विचारला नाही.

सास्काटून शहर ओलांडलंस की दिवेलागणीला गाडी हळू चालव. हरणं रस्त्यावर येतात. पांढऱ्या शेपटीचं हरीण हे आमच्या प्रांताचं मानाचं जनावर, पण मोटारीपुढे उडी मारताना ते कुणाचा मान बघत नाही. आणि टायर बघून घे.

व्हेर्ना


२ नोव्हेंबर २००५

लेसिया,

काल सकाळी तू गेलीस. दोन दिवस आपण एका घरात होतो, आणि हवा, रस्ते, तुझा नातू आणि आईची औषधं यापलीकडे काही बोललो नाही. भांडलो नाही एवढंच. तू एकदा विचारलंस खरं, हॉलमध्ये शिरल्या शिरल्या, माझ्या कानाशी: "घड्याळ बंद पडलंय का?" मी म्हटलं, "पेरोही खा, गार होतायत." समोरासमोर मला सांगता येत नाही. म्हणून तू येण्याआधीच्या तासात काय झालं ते लिहिते.

पाचला हॉल भरलेला होता. बसायला जागा नव्हती, तरुण मंडळी भिंतीला टेकून उभी होती. वाफाळणारी पातेली खिडकीतून बाहेर येत होती. आई मधल्या टेबलाच्या टोकाला, निळा रुमाल बांधून, पुढ्यात कोलाच. तिच्या उजवीकडची खुर्ची रिकामी. ती मी ठेवली होती. का ठेवली ते विचारू नकोस, मी स्वतःशी ठरवलं होतं की पाचला त्यावर कुणाला तरी बसवायचं.

मेट्रोने ग्लासवर चमचा वाजवला. फादर इसिडोर प्रार्थनेला उठले. सगळे उठले. प्रार्थना झाली, आणि सगळ्यांच्या नजरा आईकडे लागल्या. आईने दोन्ही पंजे कोलाचवर ठेवले आणि तसेच ठेवले.

"काकू, मोडा आता," मेट्रो हळूच म्हणाला.

"नाही."

"काय झालं? कडक आहे का?"

"माझी मुलगी यायची आहे."

मेट्रोने माझ्याकडे पाहिलं. मी आईजवळ वाकले. "आई, ती सहाला येणार आहे. लोक भुकेले आहेत. तिच्यासाठी वेगळं काढून ठेवू." तिने माझ्याकडे पाहिलं, आणि त्या क्षणी तिला मी कोण हे अगदी नीट माहीत होतं. तो चेहरा मला ओळखता येतो.

"तू गप्प बस, व्हेर्ना," ती म्हणाली. "तू फार दिवस गप्प बसली आहेस, आणखी जरा बस."

मग ती सगळ्यांशी बोलली, आपल्या वाडवडिलांच्या भाषेत, मोठ्याने. अर्ध्या तरुणांना ती कळत नाही. पण ज्यांना कळायला हवं होतं त्यांना कळलं. ती म्हणाली, "वासिलला पुरलं त्या दिवशी पोरगी रस्त्यावर होती. फादर म्हणाले थांबू. ही म्हणाली थांबू, हीच, व्हेर्ना. मी हिला म्हटलं, सांग त्यांना, सुरू करा. वारा सुटला होता. पेटी उघड्यावर होती. मला वाटलं त्याला थंडी वाजते आहे. मला ते बघवत नव्हतं. ठरलेली वेळ झाली होती ना? मी ठरलेल्या वेळेच्या आड लपले." आणि शेवटी, "हिने सगळं अंगावर घेतलं. मी घेऊ दिलं. आज थांबायचं."

 फादर खाली बसले. मेट्रोचे कान लाल झाले होते. एवढी वर्षं त्यानेही मलाच धरून ठेवलं होतं. मला कुठे बघावं कळेना, म्हणून मी वर घड्याळाकडे पाहत राहिले.

बोलला शेवटी स्लोबोदियन. दुसरं कोण बोलणार? "थांबायचं तर थांबू, पण पोट ऐकत नाही हो. वर पाच वाजून गेलेले दिसतायत आणि पोट त्याच्यावर विश्वास ठेवतं. त्यापेक्षा काटेच मागे घ्या. चार वाजले म्हटलं की भूक लागायचं कारणच नाही!"

लोक हसले. मला वाटलं तेवढ्यावर भागेल. पण आई हसली नाही. तिने मेट्रोकडे बघून हात वर केला, घड्याळाच्या दिशेने. "कर," म्हणाली.

"काकू, ते वासिलकाकांनी..."

"माझ्याच नवऱ्याचं आहे ना? कर."

ज्याने ती ओळ माझ्याकडून मोठ्या अक्षरात लिहून घेतली, ज्याची पत्रकं त्या क्षणी प्रत्येक ताटाखाली होती, तो आपल्या गावाचा अध्यक्ष शिडी घेऊन आला, वर चढला आणि काटा एक तास मागे फिरवला. खालून कुणीतरी ओरडलं, "झालो रे आपण अल्बर्टावाले!" दुसरा म्हणाला, "मग तेल कुठाय?" टर्कीची ताटं परत भट्टीत गेली. लहानांना लोणचं आणि पाव वाटला. म्हातारे काठ्या आपटत बसले, पण उठून कुणी गेलं नाही. आईने त्या तासात एकदाही पंजे उचलले नाहीत. तिचं नाक वाहू लागलं तेव्हा मी पुसलं.

मग दार उघडलं. तू उंबऱ्यात थांबून आधी घड्याळाकडे पाहिलंस, मग मनगटाकडे. दोन्हीकडे पाचच. तू तयारी करून आली होतीस भांडायची, हे तुझ्या जबड्यावर लिहिलेलं होतं. आणि समोर अख्खं गाव, कोरी ताटं घेऊन, तुझ्याकडे बघत बसलेलं. तुझा चेहरा बघण्यासारखा झाला होता, आणि सगळ्यांनी तो पोटभर बघितला. आई म्हणाली, "ये गं, वेळेवर आलीस." तू बसलीस, आणि तिने कोलाच मोडला. पहिला तुकडा तुला दिला. दुसरा माझ्या हातावर ठेवताना चापट मारली, उगाचच.

तर असं झालं. मी तुला आधी सांगू शकले असते. पण सांगितलं असतं तर दर रविवारचा तुझा फोन आईला आला असता का? मी फोन उचलला की तू ठेवून देत होतीस, तिने उचलला की बोलत होतीस. दोघींपैकी एकीवर रुसणं तुला भागच होतं, आणि मला त्याची लहानपणापासून सवय. फार जड गेलं नाही, असं लिहिणार होते. गेलं.

आज सकाळी आईला काही आठवत नव्हतं. खिडकीशी बसून विचारलं, "लेसिया आली का?" मी म्हटलं, "आली होती. वेळेवर." तिने मान हलवली. "मग ठीक आहे. सुरू करा आता." पुढच्या आठवड्यात तिला यॉर्कटनला नेणार आहे. रानगुलाबाची दोन्ही कार्डं तिच्याबरोबर जातील.

दुपारी मेट्रो पुन्हा शिडी घेऊन हॉलमध्ये आला, काटा जागेवर न्यायला. म्हणाला, लोक गोंधळतात, काल कर्लिंगवाले तासभर उशिरा आले. मी त्याला परत पाठवलं. एप्रिलात तुमचे काटे पुढे जातील आणि आपली वेळ पुन्हा एक होईल. त्या दिवसापासून हे तासभर मागे राहिलेलं घड्याळ धड तुमचं नसेल, धड आमचं नसेल. तेव्हा ये आणि तूच लाव. शिडी हॉलच्या मागे आहे.

एप्रिलपर्यंत आई तुला ओळखेल याची खात्री मी देत नाही. मी ओळखेन.

व्हेर्ना